मुलाला कमी दिसतंय हे मूल सांगत नाही, मग ओळखायचं कसं?

दोन वर्षांपूर्वीचं उत्तरायण. बडोद्यात दांडिया बाजारात माझ्या बहिणीचं घर आहे, जुना वाडा पाडून झालेली बिल्डिंग, आणि १४ जानेवारीला सकाळपासून सगळं खटलं अगासीवर (म्हणजे गच्चीवर), एकीकडे उंधियू-जिलबी आणि दुसरीकडे आजींच्या तिळाच्या वड्या, कारण बडोद्याच्या मराठी घरात संक्रांत आणि उत्तरायण वेगळं काढताच येत नाही. माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. ती दरवर्षी फक्त फिरकी धरायची. पतंग हातात दिला की नको म्हणायची आणि आम्ही म्हणायचो बुजरी आहे पोरगी, आईवर गेलीये. त्या दिवशी मी सहज विचारलं, आपला कुठला गं त्यातला? तिने दोऱ्यावरून नजर वर वर नेली, जिथे दोरा दिसेनासा झाला तिथे बोट दाखवलं आणि म्हणाली तिकडेच असेल. म्हटलं रंग सांग. तर म्हणे, "मावशी, इतक्या वर गेल्यावर रंग कोणाला दिसतो?"

तिला खरंच वाटत होतं की कोणालाच दिसत नाही. लपेट लपेट असा आरडाओरडा झाला की गुंडाळायचं, शेजारच्या अगासीवरून "काप्यो छे" ऐकू आलं की आपला गेला समजायचं, सगळा कारभार कानावर चालला होता आणि तोही इतका व्यवस्थित की कोणाला पत्ता लागला नाही. नंबर निघाला दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेतीन.

पण खरी चूक आमच्याकडून झाली ती तिच्या धाकट्या भावाच्या बाबतीत. त्याच्याकडे येतेच, आधी थोडं समजून घेऊ.

मोठ्या माणसाचं बरं असतं. चाळिशी आली की पेपर लांब धरून धरून हात पुरेनासा होतो आणि आपण स्वतःच चष्मेवाल्याकडे जातो, कारण आधी कसं दिसत होतं ते आपल्याला आठवत असतं. मुलाकडे हे "आधी" नसतंच. झाडाला सुटी सुटी पानं दिसतात हे ज्याने कधी बघितलंच नाही त्याच्यासाठी झाड म्हणजे हिरवा गोळा, आणि तो तेच बरोबर समजतो. म्हणून "तुला नीट दिसतं का रे?" असं विचारलं तर उत्तर कायम "हो" येणार, आणि मूल खोटं बोलत नसतं. विचारायचं असेल तर त्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाच, समोरच्या गच्चीत किती कपडे वाळत घातलेत मोज, असं विचारा, आणि विचारताना आपण स्वतः तिथेच उभं राहून आपल्याला किती दिसतंय ते पण बघा (आपला चष्मा लावून, नाहीतर दोघं मिळून चुकाल).

आता नंबर म्हणजे काय. लहानपणी भिंग घेऊन उन्हात कागद जाळलाय ना? कागद बरोबर अंतरावर धरला की बारीक टोकदार ठिपका पडतो, थोडा पुढे-मागे केला की ठिपका पसरतो. डोळ्यात तसंच आहे. पुढचं पारदर्शक बुबुळ आणि आतली लेन्स मिळून भिंग, आणि मागचा पडदा म्हणजे कागद. जन्मतः डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो आणि मोठेपणी २४ च्या आसपास होतो. म्हणजे भिंग आणि कागद दोन्ही वाढत असताना शरीराने त्यांचं अंतर जुळवत जायचं, ही खरं तर कमालीची अवघड गोष्ट आहे, आणि बहुतेकांची जमते हेच आश्चर्य. ज्यांचा डोळा जरा जास्त लांब वाढतो त्यांचा ठिपका पडद्याच्या आधीच जुळतो, लांबचं धूसर, हा मायनसचा नंबर. नुसता १ मिलिमीटर जास्त लांब झाला तरी अडीच-तीन नंबर येतो. डोळा आखूड राहिला तर प्लसचा. आणि बुबुळ चेंडूसारखं गोल न राहता चमच्याच्या पाठीसारखं एका बाजूने जास्त वाकलेलं असेल तर सिलिंडरचा नंबर, त्यात लांबचं-जवळचं दोन्ही जरा ओढल्यासारखं, सावली पडल्यासारखं दिसतं.

मायनसच्या नंबराचं एक सोपं गणित आहे जे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. १०० ला नंबराने भागा, जे येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंत मुलाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. मायनस १ असेल तर १ मीटर, मायनस २ तर ५० सेंटिमीटर. माझ्या भाचीचं आलं साधारण ३६ सेंटिमीटर. म्हणजे हातातलं पुस्तक छान, ताटातला घास छान, आणि त्याच्या पलीकडे शाळेचा बोर्ड, बसचा नंबर, आईचा चेहरा, सगळं वाढत्या धुक्यात. त्यामुळेच ही मुलं वाचनात हुशार असतात कित्येकदा, घरातले म्हणतात पुस्तकातला किडा आहे, डोळे खराब कसे असतील? तर पुस्तक ही त्यांची एकमेव स्पष्ट जागा असते म्हणून ती तिथे रमतात.

मग ओळखायचं कशावरून. सगळ्यात जुनं लक्षण म्हणजे डोळे बारीक करून बघणं, आणि त्याला कारण आहे. पापण्या मिटत आणल्या की बारीक फटीतून प्रकाश येतो, कडेचे भरकटलेले किरण अडतात, आणि चित्र जरा सुधारतं. पुठ्ठ्याला जाड सुईने एक भोक पाडा आणि त्यातून लांबचं वाचायला सांगा, नुसत्या डोळ्यांनी न दिसणारं भोकातून दिसलं तर बहुतेक नंबरच आहे. हे घरी करता येतं. तेवढ्यावर निर्णय नका घेऊ, पण डॉक्टरकडे जायचं की नाही ह्या वादात नवऱ्याला गप्प करायला पुरतं.

दुसरं म्हणजे वह्या बघा. माझी बहीण वह्या रोज बघायची पण मार्क बघायची, चुका कुठल्या प्रकारच्या आहेत ते नाही. बोर्डवरून उतरवलेल्या पानावर ३ चा ८ झालाय, घ चा ध झालाय (गुजराती मीडियमवाल्यांना हे नेहमीचंच, त्या लिपीत वरची रेघ पण नाही आणि घ-ध जुळे भाऊ), ओळीचं शेवटचं टोक गायब आहे, आणि तेच मूल पुस्तकातून उतरवताना चुकत नाही, तर डोळ्यांकडे संशय घ्यायचा. दोन्हीकडे सारखंच चुकत असेल तर कदाचित शिकण्यातली वेगळी अडचण असेल, डिस्लेक्सियासारखी, ती चष्म्याने जात नाही, पण तिची तपासणीसुद्धा आधी डोळे बघूनच सुरू करतात. शेजारणीच्या वहीतून उतरवते अशी तक्रार बाईंनी केली होती, आणि आम्ही पोरीला रागावलो होतो. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

टीव्हीजवळ जाऊन बसणं, मोबाइल नाकाला लावणं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल एवढंच की टीव्हीजवळ बसल्याने नंबर आला असं नसतं, बहुतेक वेळा आधीच दिसत नसतं म्हणून मूल पुढे सरकतं. उठवून मागे बसवल्याने लक्षण दिसेनासं होतं, नंबर तिथेच.

मान एका बाजूला कलती करून बघणं, उन्हात गेल्यावर नेमका एकच डोळा मिटणं, संध्याकाळी थकल्यावर एक डोळा बाहेर किंवा आत सरकल्यासारखा वाटणं, हे तिरळेपणाकडे बोट दाखवतं. आपल्याकडे अजून "चकणी पोरं भाग्यवान असतात" वगैरे बोललं जातं, अहो असेल भाग्यवान, पण आधी दाखवा. आणि फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल यायच्या ऐवजी पांढरी चमकत असेल तर त्यात महिना घालवायचा नाही, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, नेहमीच काही गंभीर निघतं असं नाही पण डोळ्यातला ट्यूमरसुद्धा असाच पहिल्यांदा दिसतो, आणि तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा आजार आहे.

डोकेदुखीबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. डोकं दुखतंय म्हणजे चष्मा लागणार असं आपण धरून चालतो, पण मुलांच्या डोकेदुखीला मायग्रेन, झोप, उपाशीपण अशी बरीच कारणं असतात. होमवर्कला बसल्यावर अर्ध्या तासात कपाळ दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, असं असेल तर डोळे. सकाळी उठल्या उठल्या दुखतंय आणि उलटी होतेय, तर चष्मेवाल्याकडे नाही, लगेच मुलांच्या डॉक्टरकडे.

आता प्लसचा नंबर, जो सगळ्यात जास्त फसवतो. मुलांची आतली लेन्स इतकी लवचिक असते की आखूड डोळ्याची कमतरता ती स्वतःला फुगवून भरून काढते, म्हणजे चढावर सायकल मारल्यासारखं, जमतं पण दमतं. हे मूल लांबचा चार्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं, ६/६. (तो ६/६ म्हणजे काय, तर सामान्य नजरेला जे ६ मीटरवरून वाचता येतं ते ह्यालाही ६ मीटरवरून येतंय. ६/३६ म्हणजे बाकीचे जे ३६ मीटरवरून वाचतात ते वाचायला ह्याला ६ वर यावं लागतंय. हा प्रकार १८६२ साली स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी बसवला, आणि ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम ९ मिलिमीटरचं असतं. दवाखान्यात ६ मीटरची खोली नसते म्हणून चार्ट डोक्यामागे आणि समोर आरसा.) तर असं ६/६ वालं मूल वाचायला बसलं की पंधरा मिनिटांत चुळबुळ करतं, ओळ हरवते, बोट ठेवून वाचतं, डोळे चोळतं, आणि आपण म्हणतो अभ्यासाचा कंटाळा आहे. असेलही कंटाळा. पण एकदा तपासून मग ओरडावं.

इथे भाचा येतो.

तो तेव्हा साडेसहा वर्षांचा, आणि घरात त्याच्या नजरेचं कौतुक. गॅलरीत उभा राहून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवायचा. पतंग तर कुठल्या कुठे गेलेला सांगायचा. बहिणीला चष्मा लागल्यावर हा तिला "डबल बॅटरी" म्हणून चिडवत होता. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की एका मुलाला नंबर निघाला की भावंडांचे डोळे तपासायचेच, म्हणून त्याला नेला, नाहीतर कोण नेणार होतं. उजवा डोळा झकास. डावा झाकलेला काढून उजवा झाकला, आणि तो गप्प. मग म्हणाला, "ह्या डोळ्याने नाही दिसत, हा डोळा असाच आहे."

हा डोळा असाच आहे! म्हणजे त्याला माहीत होतं, आणि सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. उजवीकडे प्लस १, डावीकडे प्लस साडेपाच. दोन्ही डोळ्यांच्या लेन्स फुगतात त्या बरोबरीने, त्यामुळे मेंदू चांगल्या डोळ्यापुरता जोर लावतो आणि दुसरा कायमच साडेचार नंबराने धुक्यात राहतो. मेंदूकडे एक स्पष्ट चित्र आणि एक धूसर चित्र येत राहिलं की तो धूसर चित्राकडे बघणंच सोडून देतो. ह्याला आळशी डोळा म्हणतात. नाव अगदी चुकीचं आहे, डोळा बिचारा धडधाकट असतो, शिकायचं राहून गेलेलं असतं मेंदूचं. म्हणूनच नुसता चष्मा लावला की लगेच दिसायला लागतं असं होत नाही. आणि हे शिकवण्याचं वय सातेक वर्षांपर्यंत सगळ्यात चांगलं, त्यानंतरही फायदा होतो, अगदी दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही झालेला आहे, पण जोर कमी कमी होत जातो. मायनसचा नंबर वर्षभर उशिरा कळला तर एक वर्ष बोर्ड दिसला नाही, वाईट आहे पण भरून निघतं, आळशी डोळ्याचं वर्ष मात्र गेलं ते गेलं.

त्याच्या शाळेत त्या वर्षी तपासणी झाली होती आणि कार्डावर दोन्ही डोळे नॉर्मल लिहिलं होतं. विचारलं तर म्हणे ओळीत उभे होतो, पुढची मुलं मोठ्याने वाचत होती, आणि डोळा बोटांनी झाकायला सांगितला होता. बोटांच्या फटी! पाठांतर आणि फट, दोन्ही मिळून ६/६. मी शाळेला नावं ठेवत नाही, शंभर पोरं आणि एक दुपार असेल तर असंच होणार, पण कार्ड बघून निश्चिंत होऊ नका एवढंच. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात टीम सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते, नजरेचीही तपासणी असते, आणि गरजूंना चष्मा फुकट मिळायची सोय अंधत्व निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. ते जरूर घ्या. पण ती चाळणी आहे, तपासणी नाही.

घरी करायचं तर असं करा. भिंतीवर कॅलेंडर, मूल समोर तीन-चार मीटरवर, एक डोळा तळहाताने, बोटांनी नाही आणि दाबून नाही, किंवा सरळ आपणच मागून रुमालाने झाका. तारखा सलग विचारू नका, उलटसुलट विचारा. मग दुसरा डोळा. दोन डोळ्यांत फरक आला की संपलं, पुढचं डॉक्टरांचं काम. अगदी लहान, अक्षरं न येणारं मूल असेल तर खेळता खेळता एकेक डोळा झाकून बघा, एक झाकल्यावर काही नाही आणि दुसरा झाकल्यावर रडतं, हात ढकलतं, तर ज्या डोळ्याला झाकू देत नाही तो चांगला, आणि गडबड उघड्या राहिलेल्यात. नंतर आठवलं की भाचा पेल्यात पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओतायचा आणि कॅच कायम सोडायचा. दोन डोळ्यांनी मिळून जे अंतर कळतं ते ह्या मुलांना नीट कळत नाही. आम्ही धांदरट म्हणायचो.

तपासणीत थेंब टाकतात त्यावरून घरात वाद होतो, होतोच. आजींचं म्हणणं, मशीनवर दोन मिनिटांत नंबर येतो, मग पोराच्या डोळ्यात औषध कशाला? तर ती जी लवचिक लेन्स आहे ना, ती मशीनसमोरही फुगून बसते, आणि मग प्लसचा नंबर लपतो किंवा नसलेला मायनस निघतो. थेंबांनी ती लेन्स सैल पडते आणि खरा नंबर येतो. बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर दिसतं. साधे थेंब असतील तर दिवसभरात उतरतं, ॲट्रोपिन असेल तर आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर तारीख घेऊ नका. मुलाचा पहिला चष्मा थेंबांशिवाय, नुसत्या दुकानातल्या मशीनवर करायचा नाही, ह्या बाबतीत मी हट्टी आहे.

दुसरा वाद, चष्मा सतत लावला की नंबर वाढतो. नाही वाढत. नंबर वाढतो कारण डोळा वाढतोय, मूल उंच होतंय तसा. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिल्यानेही फायदा होत नाही, उलट नुकसान झाल्याचं अभ्यासात दिसलंय. गाजर, बदाम, तूप खाऊ घाला, चांगलंच आहे, अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरं, पण लांब झालेला डोळा गाजराने आखूड होत नाही.

एक गोष्ट मात्र चालते, आणि ती फुकट आहे: दिवसाउजेडी बाहेर असणं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली, तीन वर्षांनी त्यांच्यातल्या साधारण ३० टक्के मुलांना मायनसचा नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ४० टक्के, २०१५ साली हे छापून आलं. खेळ नाही, व्यायाम नाही, मुख्य काम उजेडाचं. बाहेर सावलीतसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो आणि त्याने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटून डोळ्याची लांबी वाढण्याला लगाम बसतो असं मानतात. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी बाहेर काढा असं कोण म्हणेल, पण सकाळी शाळेआधी किंवा पाचनंतर कमाटीबागेत, नाहीतर सोसायटीच्या आवारात. लागलेला नंबर ह्याने उतरत नाही हे लक्षात ठेवा, लागायच्या आधीची गोष्ट आहे. नंबर भराभर वाढत असेल तर कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब रोज रात्री टाकायचा उपाय आहे, तो डॉक्टरांशी बोलून.

भाच्याला आधी चार महिने नुसता चष्मा दिला, डावा डोळा ६/३६ वरून ६/१८ वर आला आणि तिथे थांबला. मग पट्टी. ती चांगल्या डोळ्यावर लावायची, वाईट डोळ्यावर नाही, हे शेजारपाजारच्यांना समजावताना बहिणीच्या नाकी नऊ आले, अहो पट्टी चुकीच्या डोळ्यावर लावलीये तुमची, असं जिन्यात थांबवून सांगायचे लोक. रोज दोन तास. पहिला आठवडा नुसता राडा, ओढून काढायचा, एकदा पट्टी फ्रीजमागे सापडली. मग त्याच्या आजोबांनी कॅरम काढला आणि नियम केला की पट्टी असेल तरच बोर्ड मांडायचा. सोंगटी हुकत होती सुरुवातीला, स्ट्रायकर भलतीकडेच जायचा. आता ६/१२ ची ओळ वाचतो, शेवटची दोन अक्षरं चुकतात. पट्टी सुटल्यावरही काही मुलांची नजर परत खाली येते म्हणून तपासण्या चालूच राहणार आहेत. पुढची तारीख गणपतीनंतरची मिळालीये, तोवर रोज संध्याकाळी पाच ते सात कॅरम, आणि आजोबा मुद्दाम हरत नाहीत अशी त्याची तक्रार आहे.